कपाची कड

नंदाबाईंनी पिशवीतून एक वापरलेला कप काढला, काउंटरवर नूरच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आत बघ जरा." नूरनं वाकून पाहिलं. थर्माकोलचा साधा पांढरा कप. असले हजारो कप मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले होते, त्यात बघण्यासारखं काय असणार, असं तिला वाटलं. पण आतून त्याचा गुळगुळीतपणा गेला होता. चहा जिथवर होता तिथवर पुरळ उठून फुटावं तसे बारीक बारीक खड्डे पडले होते, आणि एका जागी, लिंबाची फोड चिकटून बसली असेल तिथे, नखानं खरवडून काढल्यासारखी अर्धी चकती आत गेली होती. नंदाबाईंची तुंगार्लीच्या तळ्यावर टपरी. मका, मॅगी, चहा असं विकतात, आणि कप-द्रोण सगळं या दुकानातूनच नेतात. "काळ्या चहात मी सालीसकट फोड टाकते, लोकांस्नी आवडतं," त्या नूरच्या नवऱ्याला, इर्शादला, सांगत होत्या. "एक जोडपं फोटू काढत बसलं, चहा तसाच राह्यला. मंग बाई आली वरडत, कप गळतोय म्हून. असला माल कशापायी देता वो इर्शादभाऊ?" इर्शाद खोक्याला टेप लावत होता. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "लॉट हलका आलाय मावशी. बदलून देतो, जाड देतो." "जाडच दे," नंदाबाई म्हणाल्या, आणि जाड कपांचं पाकीट पिशवीत कोंबून, पदर खोचून निघून गेल्या. त्यांच्यापुरती गोष्ट तिथं संपली. नूरनं कप उचलून नाकाशी नेला. लिंबाचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, नव्या फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा. तिनं एका खड्ड्यात बोटाचं टोक ठेवून पाहिलं. "इथलं गेलं कुठं?" तिनं विचारलं. "काय गेलं?" "कपाचं. इथं जे होतं ते." इर्शाद हसला. "विरघळलं असेल लिंबानं. चहात गेलं." त्यानं कप तिच्या हातातून घेतला आणि कचऱ्यात टाकला. नूर तशीच बसून राहिली, पोटावर दोन्ही हात ठेवून. तिला सातवा महिना चालू होता. आणि तोंडात तिची जीभ आपोआप मागच्या दाढेकडे गेली, जिथे काल दुपारपासून एक पांढरा कण अडकून बसलेला होता.

विरघळतं. हे तिनं कधी धरलंच नव्हतं. इतके महिने तिनं स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की थर्माकोल पोटात जातो तसाच बाहेर पडतो. त्याला ना चव, ना वास, ना रस. नाल्यात पडलेली थर्माकोलची ताटं वर्षानुवर्षं तशीच तरंगत असतात, कुजत नाहीत, मासेसुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत, मग आपल्या पोटात त्याचं काय होणार. लहान मूल नाणं गिळतं आणि दुसऱ्या दिवशी नाणं बाहेर येतं, तसं. या हिशेबावर ती निवांत होती. निवांत म्हणजे पूर्ण नव्हे, पण हात थांबवावा इतकी अस्वस्थही नव्हती. आता एक फोड लिंबू आणि एक कप चहा, आणि कपाची भिंत खंगून गेली. आपल्या पोटात तर लिंबापेक्षा जहाल काय काय असेल. आंबट ढेकर आला की घसा जळतो, तेच आत भरलेलं असणार. मग इतक्या दिवसांचं सगळं तिथे विरघळून, पातळ होऊन, रक्तात उतरून कुठं गेलं असेल, याचा विचार तिच्या डोक्यात सुरू झाला आणि पोटात बाळ हललं. एरवी ते हललं की तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायचं. आज तिला वाटलं, ते दचकलं.

सुरुवात तिसऱ्या महिन्यात झाली होती. तेव्हा तिला कांद्याची फोडणी सहन होत नव्हती, साबण सहन होत नव्हता, इर्शादच्या शर्टाचा घाम सहन होत नव्हता. लोणावळ्याच्या बाजारात राहायचं म्हणजे सकाळपासून चिक्कीच्या गुळाचा वास घरात, आणि तो तर तिच्या डोक्यातच शिरायचा. घर दुकानाच्या मागेच, मधे मालाची खोली. एकदा ओकारी दाबत ती त्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा बरं वाटलं. तिथे कशाचाच वास नव्हता. थंड, पांढरं, शांत. सरकारनं थर्माकोलवर बंदी आणल्यापासून हा माल पुढं दुकानात मांडत नसत, सगळा मागेच ठेवत. तिनं कपांच्या चळतीवर गाल टेकवला. मग ओठ. मग कसं झालं कुणास ठाऊक, दात लागले, आणि कपाची कड कुर्र करून तुटली. तो आवाज कानात नाही, कवटीत झाला. अंगावर शहारा आला, आणि त्या शहाऱ्याबरोबर मळमळ पार गेली. तुकडा दाताखाली आधी दबला, मग किंचाळल्यासारखा वाजला, मग त्याचे मणी मणी झाले. ते तिनं थुंकायला हवे होते. तिनं गिळले. दुसऱ्या दिवशी दुपारी इर्शाद टेम्पो घेऊन उर्से टोलनाक्याकडच्या हॉटेलांना माल टाकायला गेला, सासरे जोहरच्या नमाजला गेले, सासूबाईंचा डोळा लागला, आणि नूर पुन्हा त्या खोलीत गेली. पुढं पुढं तिला दुपारची वाट बघावी लागू लागली. भूक नव्हती ती. भूक पोटात लागते, ही दातांत लागायची. दाढा शिवशिवायच्या, तोंडाला पाणी सुटायचं, आणि समोर कोण बोलतंय ते ऐकू येईनासं व्हायचं.

हे कुणाला सांगायचं? आई असती तर तिला सांगितलं असतं. आई नूर कॉलेजला असतानाच गेली. घोरावाडी स्टेशनाजवळच्या घरात आता वडील आणि भाऊ नवाज, दोघंच. त्यांना फोनवर काय सांगणार? वडील विचारायचे, "खातेस ना नीट?" आणि ती म्हणायची, "खाते." यात खोटं काहीच नव्हतं. त्या घरातली एक जुनी गोष्ट मात्र आज कप पाहिल्यापासून तिच्या मागं लागली. ती सातवी-आठवीत असताना वडिलांनी ईदसाठी बोकड आणला होता, काळा, पांढऱ्या कानांचा. नवाज त्याला रोज रुळांच्या कडेनं चरायला न्यायचा. ईद जवळ आली आणि बोकडानं खाणं सोडलं. पोट मात्र फुगत गेलं. त्याच्या अंगाला हात लावला की बरगड्या लागायच्या आणि खाली पोट नगाऱ्यासारखं. ईदच्या आधीच तो मेला. का मेला ते बघायला म्हणून शेजारच्या चाचांनी त्याचं पोट फाडलं. आतून एक गोळा निघाला, मोठ्या पपईएवढा, दगडासारखा घट्ट. पिशव्या, दोऱ्या, आणि मधे मधे पांढरे मणी. चाचांनी तो काठीनं उलटा केला आणि म्हणाले, "बिचारा भरल्या पोटानं उपाशी मेला." नूरला आता आठवत होते ते फक्त पांढरे मणी. ते विरघळले नव्हते. आजवर ती गोष्ट आठवली असती तर तिला भीती वाटली असती की ते विरघळत नाहीत. आता कप पाहिल्यावर भीती वाटत होती की ते विरघळतात. दोन्ही एकदम कसं खरं असेल, याचा तिला उलगडा होईना. पण भीतीला त्याची गरज नव्हती. ती दोन्ही वाटांनी येत होती.

त्या दिवसापासून ती मोबाइलवर बघू लागली. बी.कॉम. झालेली मुलगी, इंग्रजी वाचता येत होतं, पण ते शब्द बी.कॉम.चे नव्हते. कुठं लिहिलं होतं, गरम आणि तेलकट पदार्थ थर्माकोलमध्ये ठेवला की त्यातलं रसायन खाण्यात उतरतं. कुठं लिहिलं होतं, ते इतकं थोडं असतं की त्रास नाही. कुठं कॅन्सरचा संशय, कुठं कारखान्यातल्या कामगारांच्या रक्ताची गोष्ट. एका ठिकाणी उंदरांवर प्रयोग, गाभण उंदरिणी, त्यांची पिल्लं. ते पान तिनं खाली जाईपर्यंत वाचलं नाही, फोन उपडा ठेवला. कुणीच असं लिहिलेलं नव्हतं की एखादी बाई कपच खात असेल तर काय. जगात असं करणारी आपण एकटीच, असं तिला वाटलं, आणि लाजेनं कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग ती दुकानात बसल्या बसल्या येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघू लागली. मिसळवाला द्रोण न्यायचा. त्यात उकळती तर्री ओतली जाणार. सूपवाला वाट्या न्यायचा. मुंबईहून आलेली माणसं गरम भजी थर्माकोलच्या ताटलीत घेऊन, लहान पोरांना फुंकर घालून भरवणार. सगळ्यांचं थोडं थोडं. तिचं मात्र थोडं थोडं नव्हतं.

आणि एवढं सगळं वाचून, एवढं घाबरून, त्याच दुपारी ती मागच्या खोलीत गेली. तिनं ठरवलं होतं की जायचं नाही. ताटात बडीशेप घेऊन बसली, चघळली. खोबरं खाल्लं, कुरमुरे खाल्ले. दात ऐकेनात. पाय उचलले गेले तेव्हा ती स्वतःला सांगत होती की फक्त उभी राहीन, गार वाटेल. कड तुटल्याचा आवाज झाला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. तिला स्वतःची इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती. कपाची भीती वाटली तर कप टाकून देता येतो. हा हात कुणाचा होता? हे तोंड कुणाचं? लहानपणी वस्तीत एक वेडी बाई फिरायची, तिच्या तोंडात सतत काहीतरी असायचं, चिंधी, दोरा. पोरं तिला बघून पळायची. नूर पळताना एकदा मागं वळली होती आणि त्या बाईनं तिच्याकडे अगदी शहाण्या माणसासारखं पाहिलं होतं. तेवढंच पाहणं आता तिला नको तितकं कळत होतं.

जेवताना एकदा सासऱ्यांनी, रज्जाकभाईंनी, पानाशेजारी तीन-चार कप मांडले. शांत माणूस, कमी बोलायचा. दुकान त्यांनी उभं केलं होतं, आधी पत्रावळी विकायचे, मग हे. त्यांनी एक कप उजेडात फिरवला. कड जागोजागी कुरतडलेली होती. "मागं उंदीर झालेत," ते म्हणाले. "आणि साधे नाहीत. दात बघ केवढे आहेत, इर्शाद." इर्शादनं कप घेऊन पाहिला. "घूस असेल अब्बा." "घूसच. उद्या औषध टाकतो." सासूबाई, रशिदा, भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "पोरगी तितं येती-जाती, जपून टाका." नूरच्या तोंडातला घास फिरेना. तिचेच दात पानाशेजारी मांडून ठेवलेले होते आणि चौघं त्यांच्याकडे बघत होते. वरच्या पुढच्या दोन दातांत तिला थोडी फट आहे. कपाच्या कडेवर त्या फटीची बारीक उभी रेघ स्पष्ट उमटली होती. तिनं ओठ मिटून घेतले आणि तशीच, ओठ न उघडता, मान हलवून सांगितलं की पुरे, भात नको.

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाईंनी गुलाबी वड्या आणल्या, चुरून चुरून चळतींच्या मधे, फळ्यांवर, कोपऱ्यांत टाकल्या. घरातल्या सगळ्यांना बजावलं. नूरला वाटलं, सुटले. आता तर जाताच येणार नाही. जे आपल्यानं झालं नाही ते या औषधानं केलं. दोन दिवस ती खरंच गेली नाही. त्या दोन दिवसांत तिचं डोकं धरलं, जीव कशात लागेना, कुणी नुसतं हाक मारली तरी रडू यायचं. इर्शाद म्हणाला, "माहेरी जायचंय का? सोडू का घोरावाडीला?" ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुकानात ती एकटी होती आणि एक गिऱ्हाईक ताटांचं पाकीट मागायला आलं. पाकीट मागेच होतं. तिनं दार उघडलं, पाकीट काढलं, गिऱ्हाइकाला दिलं, आणि परत येऊन दार लावायला म्हणून खोलीत पाऊल टाकलं. एवढंच तिला आठवतं. नंतर आठवतं ते थेट दाताखालचं कुर्र. तो गार शहारा आला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच तिचं लक्ष बोटांकडे गेलं. अंगठ्याला आणि तर्जनीला गुलाबी पूड लागलेली होती.

तिनं तोंडातलं थुंकलं. किती गेलं, किती थुंकलं, कळेना. ती घराच्या दारात येऊन उभी राहिली. रशिदा पोळपाटाशी बसल्या होत्या. नूरनं हात पुढं केला. रशिदांनी बोटं पाहिली, तिचं तोंड पाहिलं, ओठांना चिकटलेले पांढरे कण पाहिले.

"औषधाला हात लावलास?"

"अम्मी, उंदीर नाहीत," नूर म्हणाली. "मी आहे."

रशिदा उठल्या. त्यांनी लगेच मोरीवर नेऊन तिचे हात साबणानं धुतले, एकेक बोट, एकेक नख. चूळ भरायला लावली, पुन्हा, पुन्हा. मग डोक्यावर ओढणी घेतली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात नूरचे दात वाजत होते. रशिदांनी तिचा हात मांडीवर घट्ट धरला होता. बाजार मागं पडला तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इर्शादच्या टायमाला मी भिताडाची माती खाल्लीया. माहेरी, पवनेकाठच्या घरात. भिताड पोखारलं व्हतं पार. आई मारायची, तरी खायची." नूरनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता त्या म्हणतील, काही होत नाही बघ, इर्शाद धडधाकट झाला. ते ऐकायला तिचा जीव आसुसला होता. पण रशिदा खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर ती माती व्हती, पोरी. ह्ये काय हाय, मला ठावं न्हाई."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा सारखा वर सारायच्या. त्यांनी आधी विषाचं सगळं विचारलं, वडीचं पाकीट मागवून घेतलं, रक्त काढलं, रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले, सोनोग्राफी केली. बोटाला लागलेल्या पुडीनं फारसं पोटात गेलेलं दिसत नाही, पण काही दिवस रोज यायचं, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त आलं तर लगेच यायचं, असं बजावलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "आता मला सांग, किती दिवस खातेस?" नूरनं सांगितलं. रशिदांच्या समोर सांगितलं. किती, ते बोटांनी कपाची उंची दाखवून सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. "तू वेडी नाहीस," त्या म्हणाल्या. "रक्त फार कमी झालंय. लोह नाही अंगात. अशा वेळी बायका माती खातात, खडू खातात, बर्फ खातात. तुझ्यासमोर हे होतं, तू हे खाल्लंस. इंजेक्शनं देऊ, रक्त वाढलं की ही ओढ जाईल." नूरनं विचारलं, "आणि बाळ?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "तुकडे बहुतेक तसेच बाहेर पडतात. आतड्यात अडकले नाहीत हे नशीब. त्यातलं रसायन, ते गरम चहात, तेलात जास्त उतरतं, थंड तुकड्यात कमी. संशय घेतात त्याच्यावर, अभ्यास चालू आहेत. पण तुझ्यासारखं इतकं खाल्लेल्या बाईच्या बाळाला काय होतं, हे मला माहीत नाही. कुणाला नक्की माहीत असेल असं वाटत नाही. सोनोग्राफीत बाळ ठीक दिसतंय. मी तुला खोटा धीर देणार नाही." नूरला वाटलं, द्या. खोटा द्या. आज तोच पाहिजे होता.

घरी आल्यावर रशिदांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कंबरेला लावली. माल लागला की त्याच काढून देत. इर्शादला कळलं तेव्हा तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" त्यानंच पुढं विचारलं, "मी तुला ओरडलो असतो?" "नाही." "मग?" ती म्हणाली, "तुम्ही घाबरला असता. मग आपण दोघंही घाबरलो असतो." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि विचारलं, "बाळ हललं का आज?" तिला कळलं की आता दोघंही घाबरलेले आहेत. रज्जाकभाईंनी त्या संध्याकाळी खोलीत जाऊन स्वतःच्या हातांनी औषध गोळा केलं, फळ्या पुसल्या. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीला, बाह्यांना पांढरे कण चिकटले होते. झटकले तरी ते जात नव्हते; या अंगावरून त्या अंगावर उडत होते. ते ओट्यावर बसले. नूर आत आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते रशिदांशी बोलल्यासारखं बोलले. "मी खायला थोडंच देतो लोकांना हे. खाणं ठेवायला देतो." रशिदा म्हणाल्या, "व्हय." रज्जाकभाई बाहीवरचा एक कण नखानं काढायचा प्रयत्न करत राहिले. "एवढी वर्षं दिलं," ते म्हणाले. माल काही त्यांनी टाकून दिला नाही. कुठं टाकणार? जाळला तर धूर, नदीत टाकला तर नदी. दुकान चालू राहिलं. नंदाबाई येत राहिल्या. एकदा नूरनं त्यांना सांगितलं, "मावशी, लिंबाच्या चहाला काचेचा ग्लास ठेवा." त्या म्हणाल्या, "धुयाला चांगलं पाणी कुटनं आणू?" आणि जाड कप घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच झालं. इंजेक्शनं लागू पडली, आणि एका सकाळी उठल्यावर नूरच्या लक्षात आलं की दात गप्प आहेत. कुलूपबंद दारासमोरून ती गेली आणि काही झालं नाही. ओढ गेली. पण ओढीनं जी जागा धरली होती ती रिकामी राहिली नाही, तिथे भीती ऐसपैस बसली. पूर्वी निदान चावताना थोडा वेळ भीती नसायची. आता ती सकाळी तिच्या आधी उठायची. बाळ हललं की वाटायचं, फार हलतंय. हललं नाही की ती श्वास रोखून थांबायची, कुशीवर वळायची, गार पाणी प्यायची, पोटावर बोटांनी टकटक करायची. सोनोग्राफीच्या वेळी पडद्यावर करडं धुकं हलायचं, त्यात पांढरे ठिपके दिसायचे, आणि ती डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघायची. त्या जरा गप्प झाल्या की ती विचारायची, काय दिसलं. तिनं डोक्यात एक बाळ तयार केलं होतं. ते पांढरं होतं, फार हलकं होतं, हातात घेतलं की दबत होतं. हे कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं. रशिदा रोज तिच्या पायांना तेल लावायच्या. एकदा चोळता चोळता म्हणाल्या, "घाबरायचं तर घाबर. पर जेवून घाबर." नूरला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू मिसळलं.

तारखेच्या थोडं आधीच दुखू लागलं. कळा सुरू झाल्यावर भीतीला तिच्याजवळ जागाच उरली नाही. सगळं अंग दुसऱ्याच कामाला लागलं होतं. मुलगी झाली. रडली तेव्हा नूरनं डोळे मिटून घेतले. रशिदांनी आधी पाहिलं. त्यांनी कापड उलगडून बोटं, कान, टाळू, पाठ, सगळं पाहिलं, आणि नूरच्या कानाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "माणसावाणी हाय." वजन थोडं कमी होतं, बाकी सगळं ठीक आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इर्शाद आत आला, त्याच्यामागं नूरचे वडील आणि नवाज. इर्शादनं नाव आधीच ठरवलं होतं, आयरा. वडील म्हणाले, "आईवर गेलीय तुझ्या." सगळे हसत होते, आणि नूरलाही वाटलं की संपलं. मुलगी लाल होती, गरम होती, जड होती. हातात दबत नव्हती. तिनं तिला छातीशी घेतलं आणि कित्येक महिन्यांनी तिचा श्वास पुरता खाली गेला.

मग सगळ्यांना बाहेर काढून नर्स आली. तिनं पडदा ओढला, उशी नीट केली. "चला, आता पाजायचं," ती म्हणाली. "पहिलं दूध लगेच द्यायचं, ते फार चांगलं असतं. आईच्या अंगात जे असतं ते सगळं त्यात उतरतं." ती रोजच्यासारखं, रोज दहा जणींना सांगावं तसं बोलली. नूरचा हात जागीच थांबला. जे असतं ते सगळं. आतापर्यंत तिनं फक्त पोटाचा विचार केला होता. पोटातून बाळ बाहेर आलं की त्या वाटेनं जायचं ते बंद झालं, असं धरून चालली होती. दूध तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते कशाचं होतं? तिच्या रक्ताचं, हाडांचं, चरबीचं, आणि जे कुठं कुठं मुरून बसलं असेल त्याचं. ते किती दिवस मुरून राहतं? हे तिनं मोबाइलवर पाहिलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंना विचारलं नव्हतं. "पावडरचं दूध चालेल का?" तिनं विचारलं. नर्सनं भुवया वर केल्या. "का? दूध येतंय की." आणि खरंच येत होतं. कापडावर एक ओला पिवळसर डाग पडला होता आणि तो पसरत होता. नूर त्याच्याकडे बघत राहिली. आयरानं तोंड उघडलं. तिला अजून काहीच दिसत नव्हतं, कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिची मान इकडून तिकडे वळत होती, ओठ हवेत काहीतरी शोधत होते, आणि ते मिळेना तशी ती रडू लागली. आधी बारीक, मग अंग ताणून. नर्स म्हणाली, "अहो, भुकेजलीय ती." पडद्यापलीकडे रशिदांच्या चपलांचा आवाज आला आणि थांबला. त्या आत आल्या नाहीत. नूरनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या लालभडक, आक्रसलेल्या चेहऱ्याकडे. मग तिनं बटण काढलं आणि मुलीचं डोकं उचलून धरलं. आयरानं तोंडानं पकडलं आणि एकदम गप्प झाली. तिच्या इवल्या घशात पहिला घोट खाली जाताना दिसला. नूर डोळे न मिटता बघत राहिली.